शुक्रवारच्या आधीचा मंगळवार

मंगळवारी सकाळी चिठ्ठी आली.
विडीच्या पुडक्याचा कागद,
आतल्या बाजूला साहेबांच्या ड्रायव्हरचं अक्षर:
येळ्ळूर रोडच्या सात भिंती,
भगव्यावर पांढरं, नाव दीड फूट,
नावाच्या आधी 'आपला'.
नाव भाच्याचं होतं.

उमेदवार निवडायची बैठक
शुक्रवारी होती.

मी पेंटर. शहापुरात, कोरे गल्लीच्या तोंडाला दुकान.
दिवसा पाट्या करतो.
कानडी वर, साठ टक्के, टेप लावून मोजून.
मराठी खाली, उरलेल्या जागेत,
वेलांट्या जरा आखडून.
कानडी अक्षरांचे गोल मला आवडतात
हे मी कुणाला सांगत नाही.
रात्री संघटनेचे फलक, फुकट.
शहाऐंशी साली भरमाण्णा हलगेकर
लाठी खाऊन दवाखान्यात पडलेला,
तेव्हा त्याच्या खाटेशेजारी फरशीवर बसून
मी 'न्याय' लिहीत होतो.
पोलीस आले. 'य' राहिला.
तो फलक अजून त्याच्या माळ्यावर आहे.
नुसतं 'न्या'.
हसायचो आम्ही: बरोबरच लिहिलंस की,
न्या आम्हाला, एकदाचं न्या.

शुक्रवारी देवळाच्या हॉलमध्ये
चहा झाला, शिरा झाला.
साहेब उठले, म्हणाले,
वरून एक नाव आलंय.
वर म्हणजे कुठं, कुणी विचारलं नाही.
आमच्या घरांत वर म्हणजे माळा.

भरमाण्णाच उठला, काठी टेकत.
"चिठ्ठ्या टाकूया की.
सत्तर वर्षं दिल्लीकडं काय मागतोय आपण?
लोकेच्छा.
मग हितं दोनशे माणसांची इच्छा
विचारायला काय अडतंय, बा?"

माईक कुणी बंद केला नाही.
नुसता दुसरीकडं फिरवला.
"ही वेळ नव्हे भरमाण्णा,
फूट दिसली तर समोरचे हसतील."
समोरचे.
समोर तर आम्हीच बसलो होतो.

मग टाळ्या. पहिल्या रांगेत सुरू झाल्या,
मागे पोचेपर्यंत ठराव झाला.
मी तिसऱ्या रांगेत
दोन्ही हात खिशात घालून बसलेलो.
नखांत भगवा होता.
हात वर करायला सांगितलं असतं
तर काय केलं असतं, माहीत नाही.
सांगितलं नाही.

रात्री भरमाण्णाला स्कूटरवरून सोडायला निघालो.
येळ्ळूर रोडला म्हणाला, थांब.
खांबाचा दिवा नेमका भिंतीवर.
उतरला, नाव वाचलं.
भाच्याचं नाव लांबलचक आहे,
वाचायला वेळ लागतो.
मग त्यानं एक बोट
'आपला' च्या 'आ' वर टेकवलं.

"कधी केलंस?"

"आज. दुपारी."

हातमागाचं सूत रंगवण्यात
त्याचं आयुष्य गेलेलं.
ऑईल पेंट वाळायला किती लागतं
हे मी त्याला सांगावं असं काही नव्हतं.
बोटाला काहीच लागलं नव्हतं,
थोडी धूळ, बस.
तरी त्यानं ते धोतराला पुसलं
आणि मागे बसला.

पूर्ण रस्ता गप्प.
दारात उतरताना म्हणाला,
"सवड काढून ये एकदा.
माळ्यावरचं ते खाली काढ.
'य' राहिलाय."

तीन आठवडे झाले. गेलो नाही.
ब्रश रॉकेलच्या डब्यात उभे आहेत.
सहा भिंती झाल्यात, पैसे चारचे आले.
ड्रायव्हर रोज फोन करतो,
सातवीचं काय झालं?
मी सांगतो,
चुना अजून ओला आहे.