काडीची अट

डेव्हनमधलं छोटं गाव. खाली लोकरीचं दुकान,
वर मिस पिन्सेंट यांचं वकिलीचं ऑफिस.
जिना इतका अरुंद
की जेथ्रो लस्कम खांदे तिरके करून वर आला,
बाहीला गव्हाची काडी चिकटलेली तशीच.

छपरं शाकारतो तो. बापही शाकारायचा.
बापाचे करार कुंपणाशी, उभ्या उभ्या,
हातात हात, की झालं.
एका हिवाळ्यात त्या हातानं ओळखच दिली नाही,
आणि घरात तीन महिने सलग सलगमाचं सूप.

म्हणून आता कागद.
सातव्या कलमावर बोट थांबलं.
‘हे स्टिप्युलेट म्हणजे?’
‘अट घालणं. आधीच, स्पष्ट, लिहून.
हवं म्हणणं ही इच्छा.
हे म्हणजे, हे नसेल तर काहीच नाही.’
मग चष्मा पुसत, ‘रोमन लोक तोंडीच करायचे.
एकानं विचारायचं, देशील?
दुसऱ्यानं त्याच क्रियापदात, देईन.
बघू म्हटलं की करार नाही.
शब्दाच्या मुळाशी म्हणे काडी आहे,
दोघांनी मिळून मोडायची.
पंडितांना पटत नाही. मला आवडतं.’

मी हे मराठीत लिहितेय, म्हणून इथे अडखळते.
आमच्याकडे काडी मोडली की संसार संपतो.
त्यांच्याकडे म्हणे तिथून सुरू.
मोडण्याचा आवाज मात्र तोच असणार.

जेथ्रोनं बाहीवरची काडी काढली, वाकवून पाहिली.
‘ओली आहे. नाही मोडायची.’

मालक लंडनचे. त्यांच्या अटी अकरा.
काम सप्टेंबरच्या आत. शिडी गुलाबाला टेकवू नये.
रेडिओ नको.
‘माझी एकच,’ जेथ्रो म्हणाला.
‘आढ्यावर पेंढ्याचा फेझंट आहे. सायलसनं केलेला,
माझ्या भावानं, शेवटच्या वर्षी.
शेपूट वाऱ्यानं नेलं.
उतरवीन, पण परत तिथेच बसवीन.
शेपूट लावणार नाही.’

मिस पिन्सेंटनी टाइप केलं, कलम बारा:
वरील कोणत्याही कलमात काहीही म्हटलेले असले तरी,
पक्षी राहील.
करारात दोन पक्ष होते. त्यांत आता हा.

मग लंडनला फोन.
‘ठेवाल?’
पलीकडे बराच वेळ कप-बशीचा आवाज.
‘ठीक आहे. बघू.’

‘क्रियापद चुकलं,’ त्या म्हणाल्या,
आणि रिसीव्हर कानाला तसाच धरून
थांबल्या.