गवताला नाही, दाताला

जुलै सरत आला की तळं दिसेनासं होतं.
काठावरून पाहावं तर कुरण,
दोन गाई सोडाव्यात असं वाटणारं.
ऑटर टेल परगण्यात तळ्यांना तोटा नाही,
पण वर्लिन हाउगेनला हेच लागतं,
बत्तीस उन्हाळे हेच.
"उघड्या पाण्यात सुट्टीवाले," तो म्हणतो,
"मासे गवतात."

त्याच्या पत्र्याच्या डब्यात फिरक्या:
पितळी पात्यांच्या, एकीला लाल ठिपके,
एकीच्या शेपटाला खारीचे केस,
आणि प्रत्येकीच्या बुडाशी तीन तोंडांचा गळ.
पहिल्या फेकीला मी ओढून आणलं
अर्धा किलो शेवाळ.
दुसऱ्या फेकीला त्याचे सगेसोयरे.
तीन तिगाडा, काम बिगाडा,
मी मराठीत पुटपुटले.
वर्लिननं मान डोलावली,
चर्चमध्ये डोलवतात तशी, न समजता, मनापासून.

मी फर्गस फॉल्सला दातांच्या लॅबमध्ये असते.
इंचाचे अठरा हजारांश, एवढ्या जाडीची तार
दिवसभर वळवते.
पुढे आलेला सुळा महिन्याला मिलिमीटरभर सरकतो.
तार हट्टी. दात शेवटी ऐकतो.

त्या रात्री स्वयंपाकघरात
तीनतोंडी गळ कडीतून काढला,
एकच काटा बसवला, लांब दांड्याचा, टोक आभाळाकडे.
गोल पातंही काढलं.
गोल पातं मोठा घेर घेतं, दिसेल त्याला मिठी मारतं.
विलोच्या पानासारखं अरुंद लावलं;
ते अंग चोरून फिरतं,
लुगडं सावरत चिखलातून जाणाऱ्या बाईसारखं.
मग काट्याच्या टोकावरून
लॅबमधल्या तारेची एक कमान.

आणि तिथं अडले.
कारण इथं सगळं उलटं:
तारेनं गवतापुढे वाकायचं नाही,
दातापुढे मात्र ताबडतोब.
जाड तार घेतली तर मासा चावून निघून जाईल,
बारीक घेतली तर पहिल्या देठालाच शरण.
किती जोर? मी वर्लिनला विचारलं.
तो बराच वेळ कुंपणाकडे बघत राहिला.
"मांजर दार लोटतं ना," म्हणाला, "तेवढा."

हल्ली त्याचे हात थरथरतात.
पोलादी दोर ओवणं, गाठ मारणं माझ्याकडे.
फेकतो तोच.
मनगट मागे जातं आणि तेवढ्यापुरता
हात थरथरायचं विसरतो.

शनिवारी, सकाळी सहाला,
फिरकी कमळाच्या पानावर टपकली,
बेडकासारखी घसरून पाण्यात उतरली.
त्यानं रीळ भरभर गुंडाळलं,
गवताच्या शेंड्यांवरून जेमतेम वीतभर.
पात्याची घरघर काठीतून त्याच्या कोपरापर्यंत येते म्हणे;
मला फक्त दोरा दिसत होता.
एक देठ लागला, सुटला.
दुसरा.
मग गवतात पाटाएवढी मोकळी जागा आली
आणि तो थांबला.
पातं गिरक्या घेत, लकाकत खाली गेलं.

पाणी फुगलं.
एक रुंद, हिरवी पाठ वळली,
काठी वाकली, होडी त्या बाजूला कलली,
आणि मग काहीच नाही.

फिरकी हातात घेऊन पाहिली.
तार दबली होती, हवी तितकीच, नेमकी तिथंच.
काटा नखावर ओढला.
सरळ घसरला.
सगळा जीव तारेत,
आणि काट्याला कानस लावायची विसरले.
माशानं आपली फिरकी घेतली,
असं मला म्हणायचं होतं,
पण इंग्रजीत त्यातलं काहीच उरेना.
वर्लिननं थर्मासमधली कॉफी ओतली,
अर्धी कपात, अर्धी गुडघ्यावर.
"मोठी होती," म्हणाला.

सोमवारी पहिलंच काम:
तेरा वर्षांची मुलगी, वरचा जबडा, दोन सुळे आडवे.
पक्कड उचलली, कमान वळवली,
प्लास्टरच्या दातांवर बसवली
आणि बोटानं हलकेच लोटून पाहिलं.