मागच्या टेबलावर

आज करवत उघडायची नाही.
हिरव्या कापडात गुंडाळलेली
मागच्या टेबलावर ठेवायची.
हाताशी. हातात नाही.
मिस ओयेलारननी सकाळीच सांगितलंय,
उजवीकडून जाऊ,
चौथ्या-पाचव्या बरगडीच्या फटीतून,
सहा सेंटिमीटर पुरे.

निजलेत ते स्टॅनिफोर्थ आजोबा.
शेफील्डच्या एका बोळात
चाळीस वर्षं कात्र्या जुळवल्या त्यांनी,
पात्याला पातं.
काल वॉर्डात मनगट धरून म्हणाले,
पोरी, पोलाद कुणाचं वापरता?
मी म्हटलं, बहुतेक जर्मन.
ते भिंतीकडे तोंड करून झोपले.

बावीस वर्षं मी करवत देत आलेय,
मूठ पुढे करून.
तिचा आवाज कानात नाही, दाढेत येतो.
मग जळक्या हाडाचा वास, मग मेण,
आणि शेवटी तारा,
पोत्याचं तोंड आवळावं तशा पिळलेल्या.

आईचं ऑपरेशन मिरजेला झालं
तेव्हा मी दहावीत.
गळ्याच्या खळगीपासून सरळ खाली,
बांध घातल्यासारखी रेघ.
तीन महिने तिने कळशी उचलली नाही.
खोकला आला की उशी छातीशी कवटाळायची,
आणि पुढे अठरा वर्षं,
हाड केव्हाच सांधलं तरी,
शिंक आली की हात उशी चाचपायचा.
एकदा मारुतीपुढे उभी राहून म्हणाली,
तुझं बरं आहे बाबा,
तुला टाके नाहीत.

इथे आता सगळे पडद्याकडे बघतात.
उजवं फुप्फुस निजवलेलं,
रक्त मांडीतून यंत्रात, यंत्रातून मांडीत.
विणायच्या सुयांएवढी लांब हत्यारं.
गाठ बाहेर मारायची
आणि काठीने आत ढकलत न्यायची,
बोट पोचत नाही तिथवर.

अकरा वीसला पडदा लाल झाला.
कुणी काही बोललं नाही.
भूल देणारा गुणगुणत होता, तो थांबला.
मी न वळता
मागच्या गाठोड्यावर हात ठेवला.
कापडाखाली मूठ लागली, ओळखीची.
एक टाका.
पुन्हा एक.
मग मिस ओयेलारन, मान वर न करता,
नको.

तिसऱ्या दिवशी आजोबा खुर्चीत.
लहान छेद म्हणालात, ते कुरकुरले,
दुखतंय तर घोड्यानं लाथ घातल्यासारखं.
खरं आहे. बरगड्यांमधल्या शिरा
छेदाची लांबी मोजत नाहीत.
तेवढ्यात त्यांना खोकला आला,
आणि मी सवयीने उशी पुढे केली,
थेट छातीच्या मधोमध.

तिथे कशाला, ते म्हणाले,
तिथे तर तुम्ही काही केलंच नाही.
कुशीवर हात दाबून खोकले,
चहा मागितला, दोन साखर.

उशी माझ्याकडेच राहिली.
बराच वेळ मी ती धरून उभी होते,
छातीशी.