रापी

पंचगंगा ओसरली तेव्हा मंडळीच्या हॉलमध्ये
खिडकीपर्यंत ढीग लागला होता दयेचा:
बटणं तुटलेले शर्ट, एकाच पायाचा बूट,
लग्नात एकदाच नेसलेली, जर टोचणारी साडी,
कुणाचा तरी कोट, त्याच्या खिशात
कुठल्याशा नाटकाचं अर्धं तिकीट.

मी खजिनदार. तीस वर्षं एसटीत कॅशियर होतो.
दान मला मोजता येतं.
रविवारी अर्पणाची थैली समोर आली
की मी नोटेची घडी घालून टाकतो,
घडी अशी, की आकडा वर राहील.

रिबकाबाई आवळे, मिशन दवाखान्यातल्या जुन्या नर्स,
ढिगाकडे बघून एवढंच म्हणाल्या,
"त्यांना कुणी विचारलं का?"
आणि निघाल्या. मी मागून,
पावतीपुस्तक काखेत.

सुतारमळ्यात घराघराच्या भिंतीवर पाण्याची रेघ,
माझ्या खांद्याच्या वर, तपकिरी, सरळ,
पट्टी ठेवून कुणी हिशेब बंद करावा तशी.
यल्लाप्पा सातपुते उंबऱ्यात बसलेले,
मांडीवर नवी चादर. चौथी.
"आनी एक देऊ नगासा बाई,
पांघरून तरी किती झोपायचं?"
कातडं कुजलेलं. आरी, ठोकळा, रापी
गाळात गेलेली.
बाईंनी लिहून घेतलं: रापी, पण
ते सांगतील त्याच दुकानातली.
मग आत सुनेकडे गेल्या, बऱ्याच वेळानं आल्या.
"ही दुसरी यादी तुम्ही वाचायची नाही,
पैसे तेवढे द्यायचे."

पुढच्या बोळात एकानं रोख मागितले.
बाई नाही म्हणाल्या. सरळ, हात जोडून.
नदीवरून परतताना मात्र थबकल्या:
"चुकलं असेल का हो माझं?"
मला सांगता आलं नाही.
पावतीपुस्तकात तसा रकाना नाही.
दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच तिकडे गेल्या,
काय दिलं, दिलं का,
अजून मला माहीत नाही.

कमिटीत एकजण म्हणाला,
"चादरीचा फोटो बरा येतो. रापीचा कसा काढणार?"
पाळकसाहेब खाली बघत राहिले.
बाई म्हणाल्या, "नका काढू."

उजव्या हाताचं डाव्याला कळू नये,
हे आम्ही पाळण्यापासून ऐकत आलो.
पण यल्लाप्पांना काम करताना पाहिलं मी:
डावा हात कातडं दाबून धरतो,
उजवा रापी ओढतो.
डाव्याला कळलं नाही,
तर बोट जाईल.

नाताळच्या आधी त्यांच्याकडून कापशीचा जोड घेतला,
सांगितला तो भाव देऊन.
घासाघीस ओठांपर्यंत आली होती,
तीस वर्षांची सवय, गिळली.
आता नोटेचा आकडा मी आत दुमडतो
आणि दुमडताना
आपण किती चांगले झालो हेही बघून घेतो.
ते काही सुटत नाही.

शिवाय चपला करकरतात.
उपासनेला उशीर झाला की मधल्या वाटेनं
माझ्या प्रत्येक पावलाला अख्खी मंडळी मान वळवते.
रिबकाबाई तेवढ्या वळत नाहीत.
त्यांचे खांदे हलतात.
हसत असाव्यात.