लाइम म्हणजे लिंबू नाही

किल्वा बेटावर, पडक्या मशिदीच्या पूर्वेकडच्या भिंतीला टेकून
दुपारच्या भात-माशानंतर आमचा वर्ग भरतो.
एलिबारिकी मास्तर दारेसलामचे, वय सव्वीस,
बोट लागते त्यांना अजून.
आम्ही अकरा जणी, चार गडी.
परीक्षा सोमवारी. पास झालं की मुकादमी,
नाही तर पुन्हा डोक्यावर घमेलं.

पहिल्याच दिवशी मी हसं करून घेतलं.
लाइम, ते म्हणाले. मी लिहिलं: लिंबू.
रिझिकीनं शाळेतून आणलेल्या कोशात तसंच होतं.
मग त्यांनी पाटीवर भट्टी काढली, वर धूर काढला,
तेव्हा कळलं, अरे, हा तर आपला चोकाआ,
ज्यानं बापाच्या तळव्यांची सालं काढली
तो चुना!
जन्मभर घरात राहिला
आणि इंग्रजीत भेटला तर ओळख दाखवली नाही.

तेव्हापासून मी शब्दांवर लगेच विश्वास ठेवत नाही.
बेड म्हणजे पलंग, खरं, पण बेड दगडालाही असतो:
समुद्राखाली तो ज्या कुशीवर निजला होता
त्याच कुशीवर भिंतीत निजवायचा,
उभा केला तर पापुद्रे सुटतात.
बापाकडे ह्याला शब्द नव्हता.
लाथ होती.

पॉइंटिंग म्हणजे बोट दाखवणं नव्हे,
सांध्यात चुना भरणं, दाबणं, दगडाच्या जरा आत थांबणं.
ड्रेसिंगमध्ये दगडाला कपडे नाहीत, उलट सोलायचं.
स्लेकिंग म्हणजे भाजलेल्या चुन्याची तहान भागवणं,
हे नाव मात्र ज्यानं ठेवलं
तो कधीतरी हौदाकाठी उभा राहिला असणार,
त्याच्याही पापण्या भाजल्या असणार.
वीप होल: भिंतीला रडण्यासाठी ठेवलेलं छिद्र.
मास्तर हे सांगत होते आणि झुहुरा पाणी प्यायला उठली,
बराच वेळ आली नाही.
तिचा होडीवाला मार्चपासून परतलेला नाही.

सॅक्रिफिशियल.
हा जिभेवर चढत नाही.
चुना दगडापेक्षा मऊ हवा, मास्तर म्हणाले,
खारा वारा आधी त्याला खाईल, दगड वाचेल,
काही वर्षांनी झडला की नवा भरायचा.
सिमेंट कडक. ते स्वतः टिकतं आणि शेजाऱ्याला फोडतं.
उदाहरण सांग, सोमोए.
मी म्हटलं, माझी आई.
नाही, बांधकामातलं.
मी म्हटलं, तेच सांगतेय.

मग फॉर्म भरायला शिकवलं.
वरतीच छापलंय: रुइन, अनऑक्युपाइड.
पहिला शब्द कळला, आमच्यात मागोफू म्हणतात.
दुसऱ्याचा अर्थ विचारला.
म्हणजे इथं कुणी राहत नाही.
मी कमानीखालच्या शेळीकडे पाहिलं,
शेळीनं माझ्याकडे पाहिलं.
कमानीला माझाच कांगा वाळत होता.
मास्तरांनी खोडरबर शोधलं, पण छापलेलं ते, पुसतंय कुठं.

रात्री भरतीचा आवाज आला की उठते.
विहिरीवरून गोड्या पाण्याची बादली,
समुद्र चार पावलांवर, पण त्याचं पाणी चालत नाही.
ताज्या सांध्यांवर ओली पोती पांघरलेली असतात,
वारा ती सुकवतो,
पोतं सुकलं की चुना भेगाळतो.
ह्याला क्युअरिंग म्हणतात.
कोशात पाहिलं: बरं करणं.
ह्या खेपेला कोश खरं बोलला.

तापातल्या पोराच्या कपाळावरची घडी बदलावी
तशी एकेक पोतं भिजवते
आणि सोमवारचे शब्द पुटपुटते.
भिंत चुका काढत नाही.
बेड येतो, स्लेकिंग येतो, वीप होल हळू आवाजात म्हणते,
झुहुराचं घर जवळच आहे.
सॅक्रिफिशियल अजून अडकतो, फि-पाशी.
मग सॅ-पासून पुन्हा.
पहाटेपर्यंत पोती दोनदा सुकतात.