मोजणी

नाशिकरोडची माती काळी,
ओली झाली की चपलेला धरते, सोडत नाही.
ब्लूबेरीला ती चालायची नाही,
तिला आंबट माती लागते, असं श्यामलीनं
कुरिअरच्या खोक्यावरच लिहून पाठवलं होतं,
आणि खाली: आत्या, बोअरचं पाणी अजिबात नको.

म्हणून जेलरोडच्या गच्चीवर रंगाचे दोन जुने डबे,
त्यात नारळाचा भुसा, वर
सुरूच्या झाडाखालून पिशवीत भरून आणलेल्या काड्या.
शेजारी वैद्यांच्या एसीचं पाणी
थेंबथेंब बादलीत उतरतं, ते मी मागून आणते.
त्यांना वाटतं, रिटायर झाल्यापासून बाई जरा...
वाटू दे.
महिन्यातून एकदा बादलीत झाकणभर व्हिनेगर,
मग कागदाची पट्टी बुडवून रंग बघायचा.
रंग बघायची सवय आहे मला.
बत्तीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये काढली,
शाई अर्ध्या केसाइतकी सरकली तरी
बोट आधी थांबायचं, डोळा मागून यायचा.

पहिलं वर्ष नुसती पानं.
दुसऱ्या वर्षी डिसेंबरात पारा सहावर आला.
मखमलाबादला निवृत्ती पिंगळे
द्राक्षबागेत रात्रभर शेकोट्या पेटवत होते,
आणि मी गच्चीवर शाल घेऊन
झाडांना म्हणत होते, घ्या, भरपूर घ्या.
थंडी एकच होती.

फेब्रुवारीत फुलं, उलट्या टांगलेल्या घंटा,
भिजल्या साबुदाण्याहून जराशा मोठ्या.
एप्रिलात फळं हिरवी, मग गुलाबीसर,
मग एका सकाळी निळी.
पिंगळे शेवटची द्राक्षं द्यायला आले,
चष्मा वर करून म्हणाले, "भुरी आलीय ताई, गंधक मारा."
भुरी नाही हो, अंगचंच आहे ते.
त्यांनी अंगठ्यानं हलकंच पुसलं.
आत जवळजवळ काळं फळ.
"आमच्या मण्यावर असतं तसंच की."
थोड्या वेळानं: "किती निघेल?"
सतरा.
"किलो?"
फळं.

निळं झालं म्हणजे पिकलं असं नाही.
देठापाशी लाली उरलेली असते,
आठवडाभर तरी थांबायचं.
ओढायचं नाही. खाली तळहात धरून
अंगठ्यानं नुसतं विचारायचं.
यायचं असेल तर येतं.

रोज सकाळी मोजायची. सतरा. सतरा.
सतरा.
गुरुवारी सोळा.

पुन्हा मोजली. डब्यामागं पाहिलं, काड्या उचकल्या.
प्रेसमध्ये एक कागद कमी भरला की
गेट उघडायचं नाही.
जेवणाचे डबे, चपला, अंबाडे, सगळं तपासून व्हायचं.
एकदा घरी पोरगं तापानं फणफणलेलं
आणि मी रांगेत, हात पुढे, तळवे वर.
कागद सापडला रात्री साडेनऊला,
यंत्राच्या पोटात.

कठड्यावर जांभळा शिंतोडा होता, ओला.
डिशच्या तारेवर बुलबुल, शेपटीखाली लाल,
चोच पुसत बसलेला.

जाळी आणून ठेवली होती, घडीही मोडली नव्हती.
तशीच राहिली.
वहीत लिहिलं, सतरापैकी सोळा,
शेरा: गेट उघडं होतं.

मग सहा फळांना विचारलं. पाच आली.
सहावं धरून बसलं, त्याला राहू दिलं.
चार वैद्यांकडे, पाण्याबद्दल.
एक मी खाल्लं.
जरा आंबटच. माझीच घाई.