आठ बोल्ट

अंबडच्या शेवटच्या गल्लीत, जिथून घंटागाडी मागे वळते,
तिथे आम्ही रोज स्फोट करतो.
परवानगीने. सुट्टीआधी पाच, सुट्टीनंतर पाच.

नाशिकच्या पोटात कोळसा नाही.
आम्हाला ठाऊक तो मालगाडीतून एकलहऱ्याला उतरणारा,
माझ्या माहेरी वाळत घातलेल्या चादरींवर
बारीक बसणारा.
तरी खाणीत उतरायच्या पेट्या
आधी माझ्या टेबलावर येतात.

लोकांना वाटतं, पेटी म्हणजे हवाबंद.
नाही हो. फट असतेच.
झाकण आणि अंग यांच्यामध्ये, केसाच्या चारपट फार तर.
पत्ती घालून मोजते मी ती, श्वास धरून.
वायू आत शिरणार. ठिणगी पडणार.
पेटीने स्फोट टाळायचा नसतोच,
तो पोटात घ्यायचा असतो,
आणि जाळाला त्या लोखंडी बोळातून
असं चालवत आणायचं
की उंबऱ्याशी पोचेस्तोवर तो निवलेला असेल.

वणीहून मारोती टेकाम आले होते, रात्रभराच्या बसने,
साक्षीदार म्हणून. नवे बूट, डब्यात जवसाची चटणी.
मी मिथेन सोडला, साडेनऊ टक्के,
आत तितका, बाहेरच्या टाकीत तितका,
टाकीच्या तोंडावर प्लॅस्टिकचा पातळ कागद ताणला.
कळ दाबली.
धप्.
शेजारच्या खोलीत कुणी पोतं टाकावं तसं.
कागद हललासुद्धा नाही.

"इतलंच?" टेकाम म्हणाले.
मग बोल्ट मोजले त्यांनी, बोट लावून.
"आमच्याकडे आठ कोन लावते जी?
मागच्या तिघाले पाना पुरत नाही.
पाच लावतो, होऊन जाते."

फॉर्मवर अशी चाचणी नाही.
पगारभाऊ माझ्याकडे बघत राहिले
आणि मी मागचे तीन बोल्ट काढून फरशीवर ठेवले.

पुन्हा वायू. पुन्हा कागद. कळ.

या खेपेला पोतं पडलं नाही.
टाकीची काच आधी निळी झाली, मग पांढरी,
कागद छताला जाऊन चिकटला आणि वितळत
खाली ठिबकू लागला.
पगारभाऊंनी पंखा लावला. कुणी काही बोललं नाही.

"पाळीत त्रेचाळीस जन हाये आमच्या,"
बऱ्याच वेळाने टेकाम म्हणाले, माझ्याशी नाही.
वाकून तिन्ही बोल्ट उचलले, सदऱ्याला पुसले,
आणि स्वतः बसवले, समोरासमोर आवळत,
शेवटच्याला आडवं पडून.

अहवालात मी 'उत्तीर्ण' लिहिलं.
शेऱ्याच्या रकान्यात काही तरी हवं होतं,
त्या पाच बोल्टांसाठी तिथे शब्द नव्हता,
नुसतंच 'आठ' लिहिलं आणि दोनदा अधोरेखित केलं.
साहेब विचारतील. विचारू देत.

टेकाम दारापर्यंत गेले, परत आले.
"भाऊ, वीतभर पाइप भेटन का?
पान्याच्या दांडीवर चढवाले."

पगारभाऊंनी भंगारातून एक तुकडा शोधला,
काठ घासून दिला, हाताला लागू नये म्हणून.
साडेपाचची बस होती त्यांची.
पाइप डब्याशेजारी पिशवीत उभा,
अर्धा बाहेर.